देवनागरीला विटांचे पाय लावू नका: म्हापशातल्या एका पाटीसाठी ठळक स्लॅब सेरिफ

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. म्हापशात आजोबांनी सुरू केलेलं काजूचं दुकान आहे, पाटी नवी करायची आहे आणि पाकिटंही. जुन्या पोस्टरवर असायचं तसं जाडजूड, चौकोनी पायांचं इंग्रजी अक्षर तुम्हाला आवडलंय, म्हणजे ठळक स्लॅब सेरिफ. इंग्रजीचा फॉन्ट सापडला, पण मराठीत तसा मिळत नाही. तेव्हा ‘काजू भांडार’ या अक्षरांना खालून चौकोनी पट्ट्या जोडून घ्याव्यात का, असं तुम्ही विचारलंय. शिवाय आजोबांच्या काळची पत्र्याची पाटी माळ्यावर सापडलीय, अक्षरं अर्धी उडालेली. ती ठेवायची की भंगारात द्यायची, हा दुसरा प्रश्न.

पट्ट्या जोडू नका. मी पणजीच्या एका छापखान्यात खिळे, म्हणजे छपाईचे सुटे अक्षरठसे, जुळवायला शिकलो, मग बरीच वर्षं ब्रश घेऊन पाट्या रंगवल्या आणि आता कॉम्प्युटरवर तेच काम करतो. या तिन्ही ठिकाणी हा मोह मी पाहिलाय आणि एकदा स्वतः त्याला बळीही पडलोय. ते पुढे सांगतो. आधी हे अक्षर मुळात कशासाठी जन्मलं ते पाहू. ते कळलं की मराठीत काय करायचं ते आपोआप सुचतं.

एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला लंडनमध्ये जाहिरातींचा धंदा वाढला. लॉटरीची पत्रकं, नाटकांच्या जाहिराती, लिलावाच्या नोटिसा, सगळं भिंतींवर चिकटायला लागलं. तोवरचा टाइप, म्हणजे छपाईच्या अक्षरांचा संच, पुस्तकासाठी घडवलेला होता. हातभर अंतरावरून, निवांत बसून वाचण्याचा. तो कितीही मोठा केला तरी त्याच्या नाजूक रेघा रस्त्यापलीकडून दिसेनात. व्हिन्सेंट फिगिन्स या टाइपकाराने १८१५ च्या सुमारास ‘अँटिक’ नावाचा टाइप दाखवला. त्यात बारीक रेघ जवळजवळ उरलीच नव्हती, आणि टोकांना विटेसारख्या सपाट पट्ट्या होत्या, उभ्या रेघेइतक्याच जाड. दुसरा एक टाइपकार रॉबर्ट थॉर्न १८२० मध्ये वारला. त्याची फाउंड्री, म्हणजे टाइप ओतण्याचा कारखाना, विल्यम थोरोगुडने, लॉटरीत मिळालेल्या पैशांतून म्हणतात, विकत घेतली आणि पुढच्याच वर्षी थॉर्नचा असाच टाइप ‘इजिप्शियन’ या नावाने बाजारात आणला. इजिप्तशी त्या अक्षराचा काही संबंध नाही. नेपोलियनच्या १७९८ च्या स्वारीनंतर युरोपात इजिप्तचं वेड पसरलं होतं, त्या लाटेत नाव चिकटलं.

मग अक्षरं आणखी मोठी हवी झाली आणि शिसं कमी पडलं. हातभर उंचीचं शिशाचं अक्षर उचलवत नाही, ओतताना ते सारखं थंड होत नाही, आणि महाग पडतं ते वेगळंच. न्यूयॉर्कच्या डॅरियस वेल्सने १८२७ मध्ये लाकडात अक्षर कोरण्यासाठी राउटर, म्हणजे फिरत्या पात्याचं कोरणी यंत्र, वापरायला सुरुवात केली, १८३४ मध्ये विल्यम लेव्हनवर्थने त्याला पँटोग्राफची, म्हणजे नमुना गिरवत लहान-मोठा काढणाऱ्या सांगाड्याची, जोड दिली. एका नमुन्यावरून हव्या त्या मापाचं अक्षर कापता येऊ लागलं. आज ज्याला आपण ‘व्हिंटेज’ म्हणतो ते रूप बरंचसं या लाकडी टाइपाचं आहे.

यातून एक गोष्ट लक्षात ठेवा. ती पट्टी शोभेची नाही. इंग्रजी अक्षरं एकमेकांपासून सुटी उभी असतात. त्या सुट्या अक्षरांना एका रेषेवर घट्ट बसवणं, लांबून पाहताना शब्द एका ओळीत बांधून ठेवणं, हे त्या आडव्या पट्ट्यांचं काम. आणि आपल्या लिपीत हे काम कोण करतं? शिरोरेषा. देवनागरीचा शब्द वरून बांधलेलाच असतो. म्हणजे तुम्हाला हवी असलेली जाड आडवी पट्टी तुमच्या शब्दावर आधीच आहे, अखंड, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

माझी चूक आता सांगतो. ब्रश हातात असण्याच्या काळात पणजीतल्या एका उपाहारगृहाची पाटी मी केली. मालकाला इंग्रजी आणि मराठी ‘अगदी सारखं’ हवं होतं, म्हणून मी प्रत्येक दंडाच्या, म्हणजे अक्षरातल्या उभ्या रेघेच्या, तळाला चौकोनी पाय रंगवला. जवळून झकास दिसत होतं. रस्ता ओलांडून पाहिलं तेव्हा पोटात खड्डा पडला. ते सगळे पाय मिळून खाली दुसरी शिरोरेषा तयार झाली होती, आणि शब्द दोन रुळांमध्ये अडकल्यासारखा दिसत होता. डोळ्याला वर कुठलं आणि खाली कुठलं तेच कळेना. त्याहून वाईट म्हणजे, ज्या अक्षरांना दंड नाही त्यांच्या शेपटीला लावलेली पट्टी हलन्तासारखी वाचली जात होती. रात्र घालवून सगळे पाय पुसले.

तुमच्या नावाचंच पाहा. ‘काजू भांडार’ यात सहा पूर्ण दंड आहेत: क, ज, भ यांचे तीन आणि काने तीन. या सहांना पाय लावले की खालची रूळरेषा झालीच. ‘जू’मध्ये तो पाय आणि दीर्घ उकार एकाच जागेसाठी भांडतील. ‘ड’ आणि ‘र’ यांच्या टोकांना पट्टी दिली की ‘ड्’ आणि ‘र्’चा भास होईल. वर्षानुवर्षं लोकांच्या तोंडी असलेलं नाव अडखळत वाचावं लागणं हा फार मोठा तोटा आहे.

मग मराठीत ते वजन, ते जुनेपण आणायचं कसं? मी काय करतो ते सांगतो.

पहिलं, बोरूचा तिरकस काप सोडून द्या. आपलं पारंपरिक वळण बोरूचं आहे, आणि त्याची जाड-बारीक रेघ इंग्रजी टाकाच्या उलट पडते. त्यांच्याकडे ज्या तिरप्या दिशेला रेघ बारीक होते, त्या दिशेला आपल्याकडे जाड. दोन्ही लिपी ठळक, जाड-बारीक ठेवून शेजारी लावल्या की एक डावीकडे आणि दुसरी उजवीकडे झुकल्यासारखी वाटते. स्लॅब सेरिफमध्ये हा पेच सुटतो, कारण तिथे जाड-बारीक भेदच जवळजवळ संपलेला असतो. तेव्हा देवनागरीची रेघही सगळीकडे साधारण एकसारखी ठेवा. टोकं काटकोनात छाटा, करवतीने फळी कापावी तशी. क चा कान, ड ची शेपटी, र चं टोक, सगळी सपाट संपली पाहिजेत. इंग्रजी पट्ट्यांचा चौकोनीपणा देवनागरीत या छाटलेल्या टोकांतून येतो, आणि अक्षर बिघडत नाही.

दुसरं, शिरोरेषेची जाडी. इथे घाई करू नका, कागदावर चार-पाच वेळा काढून भिंतीला लावून पाहा. इंग्रजीच्या पट्टीची जाडी मोजायची आणि शिरोरेषा तेवढी ठेवायची, हा पहिला अंदाज. पण इंग्रजीत पट्टी दंडाइतकी जाड असली तर देवनागरीत तीच जाडी अक्षराचं डोकं दाबते, कारण शिरोरेषेला खंड नसतो आणि तिच्याखाली भ ची गाठ, ज चा बाक यांना जागा लागते. मी शिरोरेषा दंडाच्या साधारण पाऊणपट ठेवतो. डोळ्याला ती समानच वाटते. आडवी रेघ उभीपेक्षा जाड भासते हे पाट्या रंगवणाऱ्या कुठल्याही जुन्या पेंटरला विचारा.

तिसरं आणि सगळ्यांत महत्त्वाचं, पोटातली पांढरी जागा. ठळक अक्षर काळ्यामुळे वाचता येत नाही, काळ्यात उरलेल्या पांढऱ्यामुळे वाचता येतं. इंग्रजी अक्षर फुगवत नेलं तरी त्याच्या पोटात एक-दोन खिडक्या राहतात. आपल्या भ मध्ये गाठ, दंड आणि मधली जोडरेघ एवढ्याशा रुंदीत बसवायची असते. रेघ जाड केली की गाठ आधी बुजते. म्हणून भ रुंद करा, गाठीचं भोक हिंमत करून उघडं ठेवा आणि दोन रेघा जिथे मिळतात त्या कोपऱ्यात थोडी खाच ठेवा. छापखान्यात या खाचेचं मोल मला पावसाळ्यात कळलं. हवेत ओल असली की कागद शाई पसरवायचा आणि जत्रेतल्या नाटकाच्या जाहिरातीतली जाड अक्षरं कोपऱ्यांत भरून यायची. रंगाचंही तेच होतं, एनॅमलचा थेंब कोपऱ्यातच साचतो.

अनुस्वाराचा टिंब गोल आणि भरघोस ठेवा, चौकोनी करू नका. रॉबर्ट बेस्लीच्या फाउंड्रीने १८४५ मध्ये काढलेला ‘क्लॅरेंडन’ पाहिलात तर त्यात पट्टी आणि दंड यांच्यामध्ये हलकासा बाक आहे, आणि काही अक्षरांची टोकं गोल थेंबासारखी आहेत. हा टाइप बेंजामिन फॉक्सने कोरला. तो इतका चालला की कायद्याचं तीन वर्षांचं संरक्षण संपताच सगळ्यांनी त्याच्या नकला काढल्या. तुमच्या पाटीसाठी इंग्रजीतही मी याच घराण्यातलं अक्षर निवडेन. कोरा काटकोनी इजिप्शियन देवनागरीच्या वळणांशेजारी फार कडक वाटतो, तर क्लॅरेंडनचा थेंब आणि आपला अनुस्वार एकमेकांना ओळख देतात.

एक प्रकार मात्र टाळा. ज्यात पट्ट्या दंडापेक्षाही जाड असतात आणि अक्षरं उंच, चिपाड असतात. तो पाहिला की लोकांना अमेरिकेतले घोडेस्वार आणि ‘पकडून देणाऱ्यास इनाम’ आठवतं. म्हापशाच्या बाजारात शुक्रवारी नारळ-मिरच्यांच्या राशींशेजारी तो परका दिसेल. तसेच ‘जुना, झिजलेला’ परिणाम आधीच भरलेले फॉन्ट. तुमच्या इंग्रजी नावात ए हे अक्षर तीनदा येतं, आणि तिन्ही ए वर अगदी तोच ओरखडा त्याच जागी दिसेल. खऱ्या लाकडी टाइपात प्रत्येक खिळा वेगळा झिजलेला असायचा. पाटी नवी आहे तर नवीच दिसू द्या. जुनेपण अक्षराच्या बांध्यात असतं.

आता तयार फॉन्टांबद्दल. इंग्रजीसाठी ‘अल्फा स्लॅब वन’ फुकट मिळतो, थॉर्नच्या इजिप्शियनवरून बेतलेला, भरपूर जाड. थोडा मवाळ हवा असेल तर ‘बेवन’ पाहा. देवनागरीत ‘कर्मा’ आणि ‘कडवा’ या दोन्हींत सोबतचं इंग्रजी स्लॅब वळणाचं आहे, म्हणून दोन लिप्यांचा मेळ चांगला बसतो. पण ते मुळात मजकुरासाठीचे, पाटीवर त्यांचा ठळक अवतारही सौम्य वाटतो. ‘रोझा वन’ दमदार आहे, पण त्यात जाड-बारीक फरक फार, स्लॅबशेजारी तो वेगळ्या घरातला वाटतो. ‘यात्रा वन’ मुंबईच्या लोकलच्या हाताने रंगवलेल्या पाट्यांवरून आलाय, मला मनापासून आवडतो, तुमच्या कामाला त्याचा बोरूचा बाज मात्र जुळणार नाही. ‘एक टाइप’ या फॉन्ट घडवणाऱ्या संस्थेचा ‘मोदक’ जाडीची हद्द दाखवतो. पोटातली पांढरी जागा किती कमी करूनही देवनागरी वाचता येते, हे अभ्यासायला तो उघडून बसा. हे सगळे मुक्त परवान्याचे आहेत, धंद्यासाठी वापरायला पैसे लागत नाहीत.

माझं मत विचाराल तर दुकानाचं मराठी नाव हातानेच रेखून घ्या. पाच अक्षरं आहेत. कमल शेडगे यांनी आयुष्यभर नाटकांची शीर्षकं अशी हाताने रेखली, आणि वर्तमानपत्रातल्या जाहिरातीत नुसत्या अक्षरांवरून नाटक ओळखू यायचं. नाटकवेड्या गोव्यात हे वेगळं सांगायला नको. पाच अक्षरांसाठी पूर्ण फॉन्ट शोधत बसण्यापेक्षा चांगला अक्षररेखक शोधा. त्याला क्लॅरेंडनचा नमुना दाखवा आणि ‘नक्कल नको, वजन हवं’ एवढंच सांगा.

दोन लिप्या एका पाटीवर असणं आपल्याकडे नवं नाही. भारतातला पहिला छापखाना १५५६ मध्ये जुन्या गोव्यातच सेंट पॉल कॉलेजात उभा राहिला, आणि १६१६ मध्ये रायतूरला छापलेलं ओवीबद्ध मराठी काव्यसुद्धा रोमन अक्षरांत आहे, कारण देवनागरीचे खिळे नव्हते. आपल्या माणसाचा डोळा दोन्हींना सरावलेला आहे. पण मराठी वर आणि मोठी ठेवा. माप ठरवताना पाट्यांच्या धंद्यातला ढोबळ हिशेब असा: दहा फुटांवरून आरामात वाचायला एक इंच उंची. समोरचा फूटपाथ तीस फुटांवर असेल तर तीन इंच पुरतात, साठ फुटांवरच्या चौकातून दिसायला सहा. हा हिशेब देवनागरीत शिरोरेषेपासून दंडाच्या तळापर्यंतच मोजायचा, मात्रा-उकार धरून नाही. इथेच बहुतेक पाट्या चुकतात. समजा पाटी सहा फूट बाय दोन फूट आहे. चोवीस इंचांत वर-खाली दोन-दोन इंच मोकळे सोडा. अनुस्वाराला तीन, अक्षराच्या अंगाला आठ, ‘जू’च्या उकाराला चार, मग एक इंच फट आणि चार इंचांचं इंग्रजी. झाले चोवीस. फोन नंबर, ‘घाऊक व किरकोळ’ आणि देवाचं चित्र याच पाटीवर कोंबायचं ठरवलंत तर पहिला बळी त्या आठ इंचांचा जाईल.

इंग्रजी अक्षरांमधलं अंतर हा स्लॅबचा कायमचा त्रास. के चा पाय आणि ए चा पाय खाली एकमेकांना भिडतात आणि वर मात्र मोकळं अंगण उरतं. त्यांना आणखी जवळ आणता येत नाही, म्हणून या जोडीपासून सुरुवात करा आणि बाकीची अक्षरं तिच्याइतकी सैल करा. फॉन्टने दिलेलं अंतर मोठ्या पाटीवर तसंच सोडू नका. आणि प्रिंटिंगवाल्याकडे फाइल देताना मराठी अक्षरं कर्व्हमध्ये, म्हणजे फॉन्टवर अवलंबून नसलेल्या चित्ररेषांत, बदलून द्या, नाहीतर त्याच्या मशीनवर जुना फॉन्ट असला की काना एकीकडे आणि अनुस्वार दुसरीकडे जातो.

साहित्य म्हणाल तर फ्लेक्स नको. जून ते सप्टेंबर आपल्याकडे साधारण तीन हजार मिलिमीटर कोसळतो आणि मग ऊन सुरू होतं. त्यात फ्लेक्सचा रंग फार टिकत नाही. पत्रा घ्या, रेड ऑक्साइडचा प्रायमर, वर एनॅमलचे दोन हात, आणि कडा दुमडून घ्या म्हणजे गंज आत शिरत नाही. रंगासाठी मी कावी कामाकडे पाहीन. मोरजीच्या मोरजाईच्या देवळात पाहिलंत तर चुन्याच्या पांढऱ्यावर कावेचा तांबडा थर देऊन तो कोरून काढलेला दिसतो. फक्त दोन रंग, आणि तरी केवढं बळ. तांबड्या पाटीवर चुन्यासारखी पांढरी अक्षरं हा मेळ इथल्या चिऱ्यांच्या भिंतींवर शोभतो. फक्त गडद जमिनीवर पांढरं अक्षर फुगल्यासारखं दिसतं, तेव्हा रेघ कागदावरच्यापेक्षा किंचित बारीक करा.

पाकिटांवर हे अक्षर फक्त नावापुरतं. वजन, तारीख, घटक, किंमत हे सगळं ‘मुक्ता’सारख्या साध्या फॉन्टमध्ये. प्लास्टिकवर शाई पसरते आणि लहान मापात स्लॅबच्या पट्ट्या एकमेकींना चिकटतात.

राहिली माळ्यावरची पाटी. ती भंगारात देऊ नका, आणि घासू नका, धुऊ तर मुळीच नका. एनॅमलचं अक्षर उडालं तरी त्याच्याखालची जमीन ऊन-पावसापासून वाचलेली असते, म्हणून तिथला रंग वेगळा राहतो. शिवाय ब्रशच्या काठाची बारीक उंची पत्र्यावर शिल्लक असते. रात्री खोलीत काळोख करा, टॉर्च पत्र्याला जवळजवळ समांतर धरा आणि एका बाजूने उजेड सोडा. उडालेल्या अक्षरांच्या कडा सावलीतून वर येतील. त्यावर बटर पेपर चिकटवून मऊ पेन्सिलने कडा उतरवून घ्या, आधी भ, मग ज, कारण त्यातच त्या पेंटरचा हात कळेल. उजेडाची बाजू बदलून पुन्हा एकदा उतरवा. दोन्ही कागद एकमेकांवर ठेवून खिडकीच्या काचेवर धरलेत की जिथे रेघा जुळतात ते त्याचं अक्षर. तेच कागद अक्षररेखकाकडे घेऊन जा.